१८ वर्षांवरच्या आपल्या दिव्यांग माणसांसाठी डे केअर: सरकारी अनुदान मागताना

आधी एक जाड पुठ्ठ्याचं हजेरीपत्रक आणा. संस्थेची नोंदणी झालेली नसू दे, जागा ठरलेली नसू दे, चार घरची चार माणसं तुमच्या ओसरीवर जमत असली तरी चालेल. ती पहिल्यांदा एकत्र बसतील त्या दिवसाची तारीख पहिल्या पानावर घाला. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, दिव्यांग प्रमाणपत्राचा क्रमांक, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहा. खाली त्या दिवशी हजर असलेल्या दोन पालकांच्या सह्या घ्या. आम्ही हे दीड वर्ष उशिरा सुरू केलं. त्या दीड वर्षात आम्ही रोज सात माणसांना सांभाळलं, खाऊ घातलं, वाती वळायला शिकवलं. कागदावर मात्र ते काम झालंच नाही.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो विशेष शाळेत १८ वर्षांपर्यंत आनंदात होता. शाळा संपली त्या जूनमध्ये तो सकाळी दप्तर घेऊन दारात बसायचा आणि रिक्षा येत नाही म्हणून दुपारपर्यंत जेवायचा नाही. आई त्याला घेऊन घरातच अडकली. अशी घरं आमच्या तालुक्याच्या गावात शोधायला गेलो तर आठवड्यात अकरा सापडली. २०१६ च्या दिवाळीनंतर एका जुन्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही सुरुवात केली. मी २६ वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले, त्यामुळे केंद्राची कीर्द-खतावणी आणि सरकारी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. जे शिकले ते इथे लिहिते आहे. ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या, आणि त्यातही लहान गावांतल्या पालकांसाठी आहे.

कायदा काय देतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयाला आहे. १८ नंतर दिवसभर जायला हक्काची जागा असावी, असं त्यात तितक्या ठामपणे कुठे लिहिलेलं नाही. आपली अडचण इथूनच सुरू होते. शाळेचं अनुदान ठरलेल्या वाटेनं येतं, पण १८ वर्षांवरच्यांसाठी वाट आपल्याला शोधावी लागते.

कलम ५० सांगतं की दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर नोंदणी हवी. कलम ५५ सांगतं की नोंदणी झालेल्या संस्थेला सरकार आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मदत देऊ शकेल. ‘देईल’ असं तिथे नाही, ‘देऊ शकेल’ असं आहे. हा फरक मी पहिल्या सभेतच सगळ्या पालकांना सांगितला. काहींना वाईट वाटलं, पण त्यामुळे अनुदानाच्या भरवशावर कुणी कर्ज काढलं नाही.

कागदांचा क्रम

क्रम चुकला तर वर्ष जातं, म्हणून या भागात मी जास्त थांबते.

पहिली पायरी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी. घटना लिहिताना उद्देशांमध्ये ‘१८ वर्षांवरील दिव्यांग व्यक्तींसाठी दिवसभराचे देखभाल व प्रशिक्षण केंद्र चालवणे’ असं स्पष्ट वाक्य घाला. आमच्या घटनेत ‘दिव्यांग मुलांच्या कल्याणासाठी’ असं लिहिलं होतं. घरात आपण चाळिशीच्या माणसालाही ‘आमची मुलं’ म्हणतो, त्याच सवयीनं लिहिलं गेलं. त्या एका शब्दामुळे एका कार्यालयात आमचा प्रस्ताव शाळेचा समजून शाळांच्या टेबलावर गेला. पाच महिन्यांनी त्रुटीपत्र आलं आणि त्यात शिक्षकांच्या मान्यतेचे, वर्गखोल्यांच्या मापांचे प्रश्न. तेव्हापासून कुठल्याही अर्जात आम्ही ‘मुलं’ हा शब्द घालत नाही. ‘व्यक्ती’ लिहितो आणि पुढे वय घालतो.

नोंदणी झाल्यावर विश्वस्त मंडळात बदल झाला, कुणी गेलं, कुणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट भरा. आमचे एक विश्वस्त वारले. घरचंच माणूस गेल्यासारखं झालं होतं, रिपोर्टाचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणारं सरकारी संकेतस्थळ) संस्थेची नोंद करायला बसलो तेव्हा धर्मादाय कार्यालयाच्या अभिलेखातली नावं आणि आमची नावं जुळेनात. तो गुंता सुटायला आठ महिने लागले.

दुसरी पायरी संस्थेचा पॅन, बँक खातं आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. केंद्र सरकारच्या कुठल्याही अनुदानाला हा क्रमांक लागतो. तिथे भरलेलं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘संस्था’, ‘मंडळ’, ‘प्रतिष्ठान’ यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी पुढे पैसे अडतात.

तिसरी पायरी कलम ५० खालची नोंदणी. अर्ज जिल्ह्याच्या दिव्यांग विभागाच्या कार्यालयात द्यायचा. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला, त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे. कायद्यात लिहिलं आहे की अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं किंवा लेखी नाकारायचं. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्या पोहोचेवरूनच ९० दिवस मोजता येतात. आम्ही एक्क्याण्णवाव्या दिवशी नम्र भाषेत स्मरणपत्र दिलं, कायद्याचं कलम घातलं, आणि पंधरवड्यात तपासणीची तारीख मिळाली.

तपासणीला येणारी माणसं काय बघतात? चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आहे का, संडासात आधाराचे दांडे आहेत का, स्वयंपाकाचा गॅस कुठे ठेवला आहे, आग विझवायचं नळकांडं कधी भरलं, मुली आणि बायका असतील तर बाई मदतनीस आहे का, विशेष शिक्षिकेचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक चालू आहे का. आणि हजेरीपत्रक. आमच्याकडे आलेल्या अधिकारी बाईंनी हजेरीपत्रक उघडून एका मंगळवारची हजेरी आणि त्याच मंगळवारचं तांदळाचं व्हाउचर ताडून पाहिलं. चौदा माणसांची हजेरी आणि चौदा माणसांपुरता तांदूळ. त्या हसल्या आणि पुढची वही मागितली नाही.

पैसे कुठून येतात

आमच्या उपयोगाला आलेली पहिली वाट राष्ट्रीय न्यासाची. १९९९ च्या कायद्यानं हा न्यास झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठीच तो आहे. तुमच्या केंद्रात फक्त अंध किंवा कर्णबधिर व्यक्ती असतील तर ही वाट तुमची नाही. न्यासाची ‘दिशा’ योजना लहान मुलांसाठी होती, ‘विकास’ योजना १० वर्षांवरच्यांच्या डे केअरसाठी. पुढे दोन्ही एकत्र केल्या. १० वर्षांवर वरची मर्यादा नाही, म्हणून ३४ वर्षांचा भाऊ तिच्यात बसतो. विकासमध्ये अट अशी की केंद्र दिवसाला किमान ६ तास आणि महिन्यात किमान २१ दिवस चालायला हवं. पैसे येणाऱ्या व्यक्तींच्या संख्येवर मिळतात. म्हणून येण्या-जाण्याची वेळ हजेरीपत्रकात घालायला मी सुरुवातीलाच सांगितलं. यात्रा, लग्नसराई, ऊसतोडीचा हंगाम आला की आमची हजेरी घसरते. त्या महिन्यांत खोटी हजेरी भरण्याचा मोह कुणालाही होईल. भरू नका. एका खोट्या सहीपायी बाकीच्या सगळ्या सह्या संशयात येतात, आणि गैरहजर माणसाच्या घरी काय झालं आहे हे विचारायला जायचंही राहून जातं.

न्यासाकडे आधी संस्था म्हणून नोंदणी करायची, मग योजनेसाठी अर्ज. नवे अर्ज घेणं चालू आहे का, हे आधी दिल्लीच्या कार्यालयात फोन करून विचारा. आम्ही न विचारता सगळी फाइल स्कॅन करून बसलो आणि सात महिने वाट पाहिली.

दुसरी वाट केंद्र सरकारची दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजना. तिच्यात ठरलेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर असतो. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, तपासणी जिल्ह्याची, शिफारस राज्याची, मंजुरी दिल्लीची. पण काम ठरलेल्या साच्यांत बसवावं लागतं: शाळापूर्व आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्र, विशेष शाळा, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा प्रकल्प, मानसिक आजारातून सावरलेल्यांसाठी हाफ वे होम, घरी जाऊन पुनर्वसन असे ते प्रकार. आमचं केंद्र त्यातल्या कशातच नीट बसवता आलं नाही. एका सल्लागारानं ‘विशेष शाळा म्हणून दाखवा, चालतं’ असं सांगितलं होतं. चाळिशीतल्या माणसांना विद्यार्थी दाखवून आम्ही अनुदान घेणार नव्हतो, म्हणून तो अर्ज भरला नाही. तुमच्याकडे सेरेब्रल पाल्सी असलेली लहान मुलं असतील किंवा घरोघर जाऊन काम करायचं असेल तर मात्र ही योजना जरूर बघा.

तिसरी वाट आपल्या दाराशी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लोक जातात. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी तो ३ टक्के होता. ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला ४० लाख असेल तर २ लाख होतात. बहुतेक ठिकाणी ते मार्चअखेरीला सगळ्या दिव्यांगांना थोडे थोडे वाटून टाकतात. त्यात गैर नाही, गरिबाला ते हवेच असतात. पण या निधीतून सामूहिक कामही करता येतं, हे पंचायतीतल्या पुष्कळांना कुणी सांगितलेलं नसतं.

आम्ही काय केलं ते सांगते. केंद्रात येणारी माणसं पाच गावांतली. प्रत्येक गावाला वेगळं पत्र दिलं. त्यात गावातून येणाऱ्या माणसांची नावं, त्यांच्या यूडीआयडी कार्डांच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रांच्या) प्रती आणि एकच मागणी. एका गावाकडे रॅम्प मागितला, एकाकडे व्यायामाची साधनं, एकाकडे शिलाई मशीन. पगार मागितला नाही, कारण दरवर्षीचा पगार द्यायला कुठलीच पंचायत तयार होत नाही, एकदाची वस्तू द्यायला होते. पत्र अंदाजपत्रक व्हायच्या आधी दिलं आणि ग्रामसभेला त्या त्या घरची माणसं हजर राहिली. एका सभेला भाऊ आला होता. सरपंचांनी त्याला काय हवं विचारलं, त्यानं ‘सायकल’ सांगितलं. पाय मारायची, जागेवरच राहणारी व्यायामाची सायकल त्या ठरावातून आली.

पाचपैकी तीन गावांनी दिलं. एका ठिकाणी ५ टक्के निधी कुठे खर्च झाला हेच कळेना, तेव्हा १० रुपये भरून माहितीचा अधिकार वापरला. ३० दिवसांत उत्तर आलं. वर्षभराचा निधी अखर्चित पडून होता. भांडण केलं नाही, उत्तराची प्रत जोडून पुढच्या ग्रामसभेला पुन्हा पत्र दिलं.

शिवाय प्रत्येक घराला मिळू शकणाऱ्या गोष्टी. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती रक्कम दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. हे पैसे त्या माणसाचे आहेत. केंद्राची फी म्हणून ते परस्पर वळते करून घेऊ नका, आम्ही घेत नाही. एसटीची ७५ टक्के सवलत मात्र प्रत्येक घराला आवर्जून काढायला लावतो, कारण गाडीचा खर्च हाच आमचा मोठा घास आहे.

हिशेब मांडून बघा

वीस माणसांच्या केंद्राचा आमचा महिना असा: भाडं ६,०००, विशेष शिक्षिका १८,०००, दोन मदतनीस २२,०००, जेवण माणशी ३५ रुपये धरून २२ दिवसांचं १५,४००, गाडी १४,०००, वीज-पाणी-औषध-किरकोळ २,६००. बेरीज ७८,०००, म्हणजे माणशी ३,९००. असा तक्ता तुमच्या गावाच्या दरांनी स्वतः करा. सल्लागाराचा तयार तक्ता घेतला तर तपासणीत ‘हा आकडा कसा आला’ याचं उत्तर देता येत नाही.

आणि किमान सहा महिन्यांचा खर्च, आमच्या हिशेबानं ४,६८,०००, हाताशी ठेवल्याशिवाय माणसांची संख्या वाढवू नका. मंजुरीचं पत्र आलं तरी पैसे खात्यात यायला वेळ लागतो. आम्हाला एका हप्त्यासाठी अकरा महिने थांबावं लागलं. त्या काळात शिक्षिकेचा पगार आम्ही दोन वेळा उशिरा दिला. तिनं तक्रार केली नाही, पण तिच्या घरी शाळेत जाणारी दोन मुलं होती आणि मला त्याची आजही टोचणी आहे. त्यानंतर पालकांच्या सभेत ठराव केला: ज्यांना जमेल त्यांनी महिना १,००० द्यायचे, ज्यांना जमत नाही त्यांनी काही नाही, आणि या पैशांतून आधी फक्त पगार. बाकी भर देणग्यांची.

पैसे आल्यावर

प्रत्येक अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा. त्यावर मिळालेलं व्याज आपलं नसतं, केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याज परत करावं लागतं. ते वेगळं दाखवलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. अनुदानातून घेतलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवा आणि वस्तूवर रंगानं योजनेचं नाव, वर्ष आणि क्रमांक घाला. अशी वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. आमचं मोडकं मिक्सरसुद्धा कपाटात जपून ठेवलं आहे.

वर्ष संपलं की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. केंद्र सरकारच्या अनुदानाला नमुना १२-अ लागतो, सीएच्या सहीनं. मुदत वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची असते, पण तुम्ही जूनपर्यंत देऊन टाका, कारण ते पोचल्याशिवाय पुढचे पैसे हलत नाहीत. लेखापरीक्षणाची प्रत धर्मादाय कार्यालयातही दाखल करा आणि तिची पोहोच याच फाइलला लावा. एकाच खर्चाचं व्हाउचर दोन योजनांत लावू नका. चुकून होऊ नये म्हणून मी व्हाउचरवर लाल शाईनं योजनेचं नाव लिहिते.

कलम ५० च्या प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायला हवा. मी तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवते आणि त्याच्याही एक महिना आधी दुसरा गोल. प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावणं कायद्यानंच सांगितलं आहे. आमचं चपलांच्या फळीच्या वर आहे, भावाच्या डोळ्यांच्या उंचीवर. रोज सकाळी तो आला की त्यावरचा शिक्का बोटानं दाखवतो, मग टेबलाशी येऊन हजेरीपत्रकात स्वतःच्या नावापुढे हिरव्या पेनानं खूण करतो. त्याच्या खुणेशेजारी वेळ मी लिहिते.